मेलेल्या ड्रिल बॅटरीला ‘झटका’ देताय? आधी एडिसनच्या बॅटरीची गोष्ट वाचा

परभणी जिल्ह्यातल्या येलदरीला पूर्णा नदीवर धरण आहे आणि तिथे २२.५ मेगावॅटचं जलविद्युत केंद्रही आहे. पण ती वीज तारेतूनच येते. शेतातल्या गोठ्याच्या पत्र्याला भोक पाडायचं असेल आणि जवळ बोर्ड नसेल, तर कामाला येते बॅटरीवरची ड्रिल मशीन.

ही बॅटरी मेली की मोबाईलवर हमखास एक जुगाड सापडतो. चांगल्या बॅटरीच्या वायरी जोडून मेलेलीला ‘झटका’ द्यायचा!

वीज साठवण्याच्या या प्रश्नाने ज्याला वर्षानुवर्षं छळलं, तो माणूस म्हणजे बल्बवाला थॉमस अल्वा एडिसन.

जन्म ११ फेब्रुवारी १८४७, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. तरुणपणी तो तार ऑपरेटर होता. १८६७ मध्ये लुईव्हिलला रात्रपाळीत बॅटरीशी खेळताना त्याच्या हातून अ‍ॅसिड सांडलं. ते फळ्यांच्या फटीतून खालच्या मजल्यावर, थेट साहेबांच्या टेबलावर. सकाळी नोकरी गेली.

पुढे फोनोग्राफ झाला, बल्ब झाला, नाव झालं. पन्नाशी ओलांडल्यावर तो पुन्हा बॅटरीकडे वळला. शिसं आणि अ‍ॅसिडची जड बॅटरी त्याला नको होती. त्याला इलेक्ट्रिक गाड्यांसाठी निकेल-लोखंडाची बॅटरी बनवायची होती. त्याच काळात स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनरने निकेल-कॅडमियम बॅटरी बनवली. जुन्या ड्रिल मशीन वर्षानुवर्षं चालल्या त्या याच प्रकारावर. पेटंटवरून दोघांची जुंपलीही.

एडिसन हजारो वेळा हरला, ही पोस्ट तुम्ही बल्बच्या फोटोसोबत पाहिली असेल. पण त्याच्या सहकाऱ्याने सांगितलेली मूळ आठवण बॅटरीची आहे. नऊ हजारांवर प्रयोग झाले होते आणि हाती काहीच लागलं नव्हतं.

१९०३ मध्ये बॅटरी बाजारात आली. वर्षभरात डबे गळू लागले, क्षमता घटू लागली. एडिसनने उत्पादन थांबवलं आणि माल परत घेतला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली ही बल्बपेक्षा मोठी गोष्ट आहे.

मग पाच वर्षं नुसत्या चाचण्या. बॅटऱ्या वरच्या मजल्यावरून खाली टाकल्या, खडबडीत रस्त्यांवर गाड्यांतून आदळल्या. १९०९ मध्ये नवी बॅटरी आली. तिच्या द्रावणात थोडं लिथियम हायड्रॉक्साइडही होतं. ही बॅटरी भलतीच चिवट. पूर्ण उतरली तरी द्रावण बदलून चार्ज केली की बहुतेकदा पुन्हा उभी राहायची.

तोवर फोर्डची पेट्रोल गाडी आली होती. एडिसनची बॅटरी गेली रेल्वे सिग्नलकडे आणि खाणकामगारांच्या टोपीवरच्या दिव्यांकडे.

आणि पाणबुडीत. १५ जानेवारी १९१६ ला न्यूयॉर्कच्या गोदीत ‘ई-२’ पाणबुडीवर या बॅटऱ्यांचं काम चालू होतं. बॅटरीतून निघालेला हायड्रोजन बंद जागेत साठला आणि स्फोट झाला. किमान चार जण गेले. एडिसनच्या बाजूने दोष हवा खेळती नसण्यावर ढकलला गेला. १८ ऑक्टोबर १९३१ ला एडिसन गेला, त्याची बॅटरी मात्र पुढे अनेक दशकं बनत राहिली.

आता आपल्या ड्रिलकडे. तिच्यात बहुधा लिथियम-आयन सेल असतात, आणि हे लिथियम एडिसनच्या बॅटरीसारखं माफ करणारं नाही. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये सहसा ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. सेल फारच खाली उतरून बराच काळ तसाच राहिला, तर आतलं तांबं विरघळू लागतं. मग जबरदस्तीने चार्ज केलं की आतल्या आत शॉर्ट होऊन पॅक पेटू शकतो, कधीकधी काही दिवसांनी. म्हणजे झटक्याने बॅटरी चालू झाली तरी ती बरी झाली असं नाही.

चार्जर लाल दिवा लुकलुकवून नकार देतो, तेव्हा अनेकदा ते संरक्षणच असतं. आधी पॅक थंड होऊ द्या, टोकं कोरड्या कापडाने पुसा, दुसऱ्या पॅकवर चार्जर तपासा. मल्टीमीटर डीसीवर ठेवून व्होल्ट मोजा, पण एकूण आकडा बरा दिसला तरी एखादा सेल मेलेला असू शकतो. फुगलेला, गळलेला, वास येणारा पॅक चार्जरला लावूच नका. चार्जिंग फरशीवर, डोळ्यासमोर करा. गादीवर किंवा कडब्याजवळ नको.

निकामी पॅक घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तो टोकांना चिकटपट्टी लावून विक्रेत्याकडे द्या.