प्रोग्राम आपटल्यावर जो स्टॅक ट्रेस दिसतो, त्याचं मूळ ट्युरिंगच्या १९४५ च्या कागदात आहे

प्रोग्राम चालता चालता आपटला की स्क्रीनवर ओळींची एक लांबलचक रांग येते. चूक अमुक ओळीवर झाली, त्या फंक्शनला तमुक फंक्शननं बोलावलं होतं, त्याला आणखी कुणीतरी. कोडिंग करणाऱ्या प्रत्येकानं ही रांग पाहिलेली असते. तिला म्हणतात स्टॅक ट्रेस.

पण कोणी कोणाला बोलावलं हे कॉम्प्युटरच्या लक्षात कसं राहतं? याचं उत्तर शोधत मागं गेलं की आपण पोहोचतो अ‍ॅलन ट्युरिंगपाशी. हो, तोच एनिग्मावाला.

ट्युरिंगचा जन्म २३ जून १९१२ चा, लंडनमधला. वडील ज्युलियस मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी, आईचे वडील मद्रासकडच्या रेल्वेत इंजिनिअर. आई-वडील भारतात असायचे तेव्हा अ‍ॅलन आणि त्याचा मोठा भाऊ इंग्लंडमध्येच एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी वाढत होते. पुढं शेरबोर्नची शाळा, मग केंब्रिजचं किंग्ज कॉलेज. १९३६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यानं तो गाजलेला शोधनिबंध लिहिला. त्यात एक काल्पनिक यंत्र होतं. कोणती आकडेमोड नियमांनी करता येते आणि कोणती कधीच करता येणार नाही, याची हद्द त्यानं त्या यंत्राच्या आधारानं आखली. महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये त्यानं जर्मन नौदलाचे संदेश फोडायला मदत केली. त्यावर सिनेमे निघालेत, त्यामुळं तिथं फार रेंगाळत नाही.

आपली गोष्ट सुरू होते ऑक्टोबर १९४५ मध्ये. ट्युरिंग लंडनजवळ टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत रुजू झाला. काम होतं एक इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर आखून द्यायचं. प्रोग्राम स्वतःच्याच मेमरीत साठवून चालवणारं एकही यंत्र तेव्हा जगात नव्हतं. काही महिन्यांत त्यानं अहवाल लिहून दिला. यंत्राचं नाव एस, खर्चाचा अंदाज ११,२०० पौंड. मेमरी म्हणजे पाऱ्यानं भरलेल्या नळ्या, आणि त्यात ध्वनिलहरींच्या रूपात फिरणारे आकडे.

आता अडचण समजून घ्या. वर्गमूळ काढायच्या सूचना तुम्ही एकदा लिहून ठेवल्या. प्रोग्रामला वर्गमूळ दहा ठिकाणी लागतं. दर वेळी त्या सूचना पुन्हा लिहायच्या नसतील, तर यंत्रानं हातातलं काम थांबवून तिकडं जायला हवं आणि काम झालं की नेमकं निघाल्या जागी परत यायला हवं. पण त्या दहापैकी कुठल्या जागी?

ट्युरिंगनं सुचवलं की निघताना परतीच्या जागेची चिठ्ठी ठेवा. वर्गमूळ काढताना मध्येच भागाकाराच्या सूचनांकडं जावं लागलं, तर दुसरी चिठ्ठी पहिलीच्या वर ठेवा. परतताना सगळ्यात वरची आधी उचला. चिठ्ठी ठेवण्याला त्यानं नाव दिलं बरी, म्हणजे पुरणं, आणि उचलण्याला अनबरी, म्हणजे उकरणं. (मराठी कानाला ‘बरी’ काही वेगळंच वाटतं, पण असो.) सगळ्यात वरची चिठ्ठी कुठं आहे हे सांगणारा एक आकडाही यंत्र जवळ बाळगणार होतं. आजच्या भाषेत हा झाला स्टॅक आणि स्टॅक पॉइंटर.

प्रोग्राम आपटतो तेव्हा होतं काय, तर या चिठ्ठ्या वरून खाली वाचून दाखवल्या जातात. एक बारकावा मात्र आहे. चिठ्ठीवर कुठं परतायचं ते असतं, कुठून आलो ते नसतं. बहुतेक वेळा दोन्ही एकच. पण काही भाषांमध्ये फंक्शनचं शेवटचं काम दुसऱ्या फंक्शनला बोलावणं हेच असेल, तर परत येण्याची गरजच उरत नाही. मग ती चिठ्ठी ठेवली जात नाही आणि ते फंक्शन ट्रेसमधून गायब होतं.

आजच्या भाषा आणखी पुढं गेल्यात. जावामध्ये एक्सेप्शन तयार होतं तेव्हाच या चिठ्ठ्यांची नक्कल त्यात उतरवली जाते, आणि सेटस्टॅकट्रेस वापरून ती नक्कल बदलता येते. रुबीत रेज करताना आपली यादी हातानं देता येते. खरा स्टॅक यात जागचा हलत नाही, बदलतो तो फक्त अहवाल. नको असलेल्या ओळी गाळायला हे सोयीचं, पण चूक शोधणाऱ्याला भलत्या गावाला पाठवायलाही तितकंच सोपं.

एसचं काम मात्र रखडलं. इलेक्ट्रॉनिक यंत्र भरवशानं चालतं हे ट्युरिंगला युद्धातल्या कलोसस यंत्रामुळं माहीत होतं, पण ते गुपित असल्यानं वरिष्ठांना सांगायची सोय नव्हती. १९४७ मध्ये तो कंटाळून केंब्रिजला गेला आणि १९४८ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात.

चुकांचा विषय त्यानं सोडला नाही. २४ जून १९४९ ला केंब्रिजच्या परिषदेत त्यानं मोठा प्रोग्राम बरोबर आहे हे कसं तपासायचं यावर एक छोटा निबंध वाचला. मोठी बेरीज तपासताना हातचे लिहून ठेवलेले असले की प्रत्येक रकाना वेगळा तपासता येतो. तसं प्रोग्राममध्ये ठिकठिकाणी इथं काय खरं असायला हवं ते लिहून ठेवा, असं त्याचं म्हणणं. माझ्या मते एनिग्माइतकंच हेही काम लोकांना माहीत असायला हवं. पण निबंधाकडं कोणी लक्ष दिलं नाही. याच वाटेनं जाणारं रॉबर्ट फ्लॉइड यांचं काम आलं १९६७ मध्ये.

१९५२ मध्ये समलैंगिक संबंधांवरून ट्युरिंगवर खटला झाला. तुरुंगाऐवजी त्याला वर्षभर हार्मोन्सचे उपचार घ्यावे लागले. ७ जून १९५४ ला सायनाइडनं त्याचा मृत्यू झाला. वय ४१. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला, आईचा मात्र तो अपघात असल्यावर विश्वास होता. ब्रिटिश सरकारनं २००९ मध्ये माफी मागितली आणि २०१३ मध्ये त्याला शाही माफी मिळाली.

स्टॅकचं श्रेय मधल्या काळात दुसरीकडं गेलं. जर्मनीत फ्रिडरिश बाउअर आणि क्लाउस सामेलसन यांनी १९५७ मध्ये स्वतंत्रपणे त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. ट्युरिंगचा अहवाल तेव्हा छापलेलाच नव्हता, त्यामुळं त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. १९८८ मध्ये बाउअर यांना या कामासाठी कॉम्प्युटर पायोनिअर पुरस्कार मिळाला.

एसचं छोटं रूप, पायलट एस, सहकाऱ्यांनी १० मे १९५० ला चालवून दाखवलं. २०२१ मध्ये आलेल्या ५० पौंडांच्या नोटेवर ट्युरिंगच्या चेहऱ्यासोबत त्याचं चित्र आहे. मूळ यंत्र लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ठेवलेलं आहे.