फक्त सात जणी!

रत्नागिरीहून मुंबईला जाताना आपली गाडी चिपळूणला थांबते. आपण खाली उतरतो, वडापाव घेतो आणि परत सीटवर येऊन बसतो. पण तिथून जवळच मिरजोळी नावाचं गाव आहे, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? याच गावात २९ सप्टेंबर १९३२ रोजी हमीद दलवाई जन्मले.

दलवाई मूळचे कथालेखक. कोकणातल्या एका गावात जातीय तेढ कशी पेटते, हे त्यांनी १९६५ च्या ‘इंधन’ कादंबरीत मांडलं. पण नुसतं लिहून त्यांचं समाधान होईना. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत विधानसभेवर मुस्लिम महिलांचा मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा आणि सर्वांना समान नागरी कायदा लावा, या मागण्या. मोर्चात बायका किती? फक्त सात!

विरोधकांचं म्हणणं होतं की, हा शरियतचा प्रश्न आहे, सरकारने त्यात पडू नये. हा मुद्दा तसा सहज उडवून लावण्यासारखा नाही, कारण धर्मस्वातंत्र्यही राज्यघटनेनेच दिलंय. दलवाईंचं उत्तर मात्र सरळ होतं. बाई आधी या देशाची नागरिक आहे, तिचा हक्क धर्मावर अवलंबून नसावा. आणि हिंदू जातीयवादालाही त्यांचा तितकाच विरोध होता, हे विसरून चालणार नाही.

२२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. सभा उधळल्या गेल्या, आपलीच माणसं दुरावली. त्यात किडनीचा आजार जडला. ३ मे १९७७ ला, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कुठल्याही धार्मिक विधीशिवाय त्यांचं दहन झालं.

पुढे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द केला. निकाल तीन विरुद्ध दोन असा होता. म्हणजे मोर्चानंतर ५१ वर्षांनीही न्यायाधीशांचं एकमत नव्हतं! समान नागरी कायद्यावर तर आपल्या हॉस्टेलच्या रूममध्येही एकमत होणार नाही. होऊ दे वाद. पण वाद घालताना त्या सात जणी आठवाव्यात, एवढंच.