समजून घ्या : स्थलांतरित मजुरांच्या लढ्यात गोदावरी परुळेकर का महत्त्वाच्या?

दिवाळी आटोपली की शहापूर, मुरबाड तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. निघण्याआधीच मालकाकडून उचल घेतलेली असते आणि ती हंगामभर राबून फेडावी लागते. कर्ज देऊन माणूस बांधून ठेवण्याच्या या पद्धतीविरुद्ध ठाणे जिल्ह्यात उभ्या राहिलेल्या मोठ्या लढ्याच्या नेत्या होत्या गोदावरी परुळेकर.

सुरुवात मुंबईतून
पुण्याच्या गोखले घराण्यात १४ ऑगस्ट १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातील पहिल्या महिला म्हणून त्यांचा उल्लेख होतो. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य. मुंबईत त्यांनी घरकामगारांना संघटित केले. पगार, सुट्टी, कामाचे तास यांपैकी काहीच ठरलेले नसलेला हा वर्ग होता.

मग गावांकडे
१९३८-३९ मध्ये त्या कल्याण-मुरबाड भागातील शेतकऱ्यांत काम करू लागल्या. १९३९ मध्ये शामराव परुळेकर यांच्याशी विवाह झाला. दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले. युद्धविरोधी भूमिकेमुळे १९४० मध्ये त्यांना तुरुंगवास घडला.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यात किसान सभेची परिषद झाली. तेथे उंबरगावहून काही वारली आले होते. त्यांच्याकडे जमीनदाराची फुकट वेठ चाले. लग्नासाठी कर्ज काढले की नवरा-बायको सावकाराचे 'लग्नगडी' होत. गोदावरीबाई पाड्या-पाड्यांवर फिरल्या. वेठ बंद झाली आणि पुढची मागणी आली गवतकापणीच्या मजुरीची : ५०० पौंडांना अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिस गोळीबारात पाच आदिवासी ठार झाले. तरीही लढा थांबला नाही.

या अनुभवांवरील 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० मध्ये आले. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले.

आज काय बदलले?
वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. राज्यात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये आला. मात्र स्थलांतरित मजुरांसाठीचा १९७९ चा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरताच होता. मुरबाडहून भिवंडीच्या भट्टीवर जाणारे कुटुंब त्यात बसत नव्हते. घर सोडून महिनोन्‌महिने राहिले, तरी कायद्याच्या लेखी ते स्थलांतरित नव्हते.

उचल फिटली नाही म्हणून कुणालाही कामावर अडकवून ठेवता येत नाही. १९७६ च्या कायद्यानुसार असे वेठबिगारीचे कर्जच रद्द ठरते. तक्रार जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांकडे करता येते. गोदावरीबाई पाड्यांवर गेल्या तेव्हा वारल्यांच्या हाती असा कायदा नव्हता.