गणितानंद कापरेकर आणि सतरा अंकांचा सोपान

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचा अथवा उजवीकडून. ती तशीच राहते. १११११११११ या संख्येचा हा वर्ग होय. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. असा चढत जाणारा हा सोपान नवव्या पायरीवर पूर्ण होतो. दहा एकांच्या वर्गात हातचा आडवा येतो आणि क्रम मोडतो. या कुळातील संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. आजच्या डोंबिवली स्थानकाचे ते तेव्हाचे नाव. या संख्यांची कल्पना त्यांना तेथेच सुचली.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. बालपणीच मातृछत्र हरपले. वडील कारकून आणि ज्योतिषाचे व्यासंगी. आकडेमोडीची गोडी घरातच लागली. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले, १९२९ मध्ये पदवी. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीत शाळाशिक्षक होते.

अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येस त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. आरंभीची सतरा अंकी संख्याही हर्षदच: तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि मूळ संख्येस ९ ने भाग जात असल्याने तिच्या वर्गास ८१ ने भाग जाणे अटळ. भागाकार येतो तो १२३४५६७९ या संख्येचा वर्ग. ६१७४ हा त्यांचा सुप्रसिद्ध स्थिरांक. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी; ही कृती पुनःपुन्हा केल्यास अधिकाधिक सात पायऱ्यांत ६१७४ येते.

अनेक समकालीन गणितज्ञांनी या कार्यास क्षुल्लक मानले. हे गुण संख्येचे नसून दशमान लेखनाचे आहेत, हा आक्षेप निराधार नव्हता. तथापि पाया बदलला तरी प्रश्न उरतोच: अष्टमान पद्धतीत हाच सोपान सातव्या पायरीपर्यंत चढतो. लहान नियतकालिकांतून व स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांतून कापरेकर लिहीत राहिले. निवृत्तिवेतन अपुरे पडल्याने त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्या संशोधनाचा परिचय करून दिला, तेव्हा ते सत्तरीत होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या संशोधनास ना प्रयोगशाळा लागली, ना विद्यापीठाची ओसरी. बालाघाट जिल्ह्यातील लांजीच्या शाळेत बसलेले मूलही वही-पेन्सिल घेऊन ६१७४ पर्यंत पोहोचू शकते, आणि तेथून पुढे ‘असे का?’ हा प्रश्न विचारू शकते.