नावाची वाटणी

नव्वदच्या दशकात मी वाशीमला बँकेत अधिकारी होतो. फराळाचे दुकान चालवणारे दोन भाऊ वेगळे होत होते. भट्टी, कढया, उधारीची वही, सगळ्याची वाटणी तासाभरात झाली. अडले ते पाटीपाशी. वडिलांचे नाव कुणी लावायचे? दोघेही माझ्याकडे बघू लागले. कर्जाच्या अर्जात नावाची किंमत लिहायला रकाना नसतो. मी गप्प बसलो आणि पाटी उतरली.

आपल्याकडचा माणूस नागपूरला गेला की हल्दीरामच्या दुकानात शिरतो, आधी पैसे भरतो, कचोरी नाहीतर डोसा खातो आणि संत्रा बर्फीचा डबा घेऊन घरी येतो. पण हल्दीराम नावाचा खराखुरा माणूस होता, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते.

त्यांचे खरे नाव गंगाबिशन अग्रवाल, गाव राजस्थानातले बिकानेर. हल्दीराम हे घरातले हाकेचे नाव. घरी वाडवडिलांपासून भुजियाचा धंदा होता. या मुलाने बेसनाऐवजी मटकीचे पीठ वापरले, शेव बारीक आणि कुरकुरीत केली. गिऱ्हाइकाने मान द्यावा म्हणून त्या शेवेला त्यांनी बिकानेरच्या महाराजा डुंगरसिंहांचे नाव दिले, असे सांगतात. उसने घेतलेले राजाचे नाव मागे पडले आणि स्वतःचे हाकेचे नाव देशभर गेले, ही यातली गंमत.

1937 हे या व्यवसायाचे स्थापनावर्ष मानतात. 1950 च्या दशकात कलकत्त्याला दुकान निघाले. 1970 च्या सुमारास नातू शिवकिसन नागपुरात आले. शेव-मिठाईच्या जोडीला त्यांनी झटपट खाण्याची उपाहारगृहे काढली, आणि आपल्या विदर्भाला हल्दीराम ठाऊक झाले ते तिथूनच. 1980 च्या दशकात दिल्लीच्या चांदणी चौकात पाटी लागली.

कुटुंब वाढले की वाटण्या आल्याच. हल्दीराम हयात असतानाच, 1974 मध्ये, भागीदारी मोडली. तेव्हा कागदावर चक्क नावाचीही वाटणी झाली. पश्चिम बंगालपुरते नाव सून कमलादेवींकडे आणि उरलेल्या देशात मुलगा मूलचंद यांच्याकडे. भांडण मात्र टळले नाही. दिल्लीत नाव कुणी लावायचे यावरून 1991 च्या सुमारास तंटा पेटला. नोंदणी नसलेल्या भागीदारीला बोधचिन्हासाठी दावा लावता येतो का, हा त्यातला मुद्दा 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि न्यायालयाने दावा चालू दिला.

तो निकाल वाचताना मला वाशीमचे ते दोन भाऊ आठवले. त्यांनी दोन नव्या पाट्या लावल्या होत्या. चव दोघांकडेही वडिलांचीच होती, पण गिऱ्हाईक जुने नाव शोधत राहिले. वर्षाच्या आत धाकट्याने दुकान बंद केले.

2025 मध्ये नागपूर आणि दिल्ली शाखांचा पाकीटबंद खाऊचा व्यवसाय एक झाला. भांडलेले नाव एकत्र येऊ शकते. उतरवलेल्या पाटीला मात्र ती सोय नाही. नावाचाही कागद करा, एवढे एक वाक्य त्या दिवशी माझ्या तोंडून निघायला हवे होते.