परमाणु तोलणारा शिक्षक : जॉन डाल्टन

इंग्लंडांतील ईगल्सफील्ड या खेड्यांत एका गरीब विणकराच्या पोटीं १७६६ सालीं जॉन डाल्टन जन्मला. बाराव्या वर्षींच तो शाळेंत शिकवूं लागला. घराणें क्वेकर पंथाचें. त्यामुळें ऑक्सफर्ड-केंब्रिजचीं दारें त्यास बंद होतीं. मँचेस्टर येथें शिकवण्या करून तो पोट भरी. हवामानाची नोंद मात्र त्यानें १७८७ पासून १८४४ सालीं मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत ठेविली.

परमाणु डोळ्यांस दिसत नाहीं; मग तो तोलावा कसा? डाल्टननें संयुगांतील मूलद्रव्यांचीं वजनें ताडून पाहिलीं, आणि हायड्रोजनच्या परमाणूचें वजन १ धरून १८०३ सालीं इतरांचें कोष्टक मांडलें. पाण्यांत दोन्ही मूलद्रव्यांचा एकेकच परमाणु असतो असें त्यानें गृहीत धरिलें. म्हणून त्याच्या १८०८ च्या ग्रंथांत ऑक्सिजनचा आंकडा ७ आला. वस्तुतः पाण्यांत हायड्रोजनचे परमाणु २ असतात, व ऑक्सिजनचा आंकडा सुमारें १६ आहे. वर्गांत ही चूक आम्ही मुद्दाम सांगतों, कारण ती दुरुस्त करणाऱ्यांनींही वजनें ताडण्याची रीत डाल्टनचीच चालविली.

त्यास रंग नीट ओळखतां येत नसत. डोळ्यांतील द्रव निळा असावा असें त्याचें अनुमान होतें, व मरणोत्तर डोळा तपासावा असें त्यानें सांगून ठेविलें होतें. त्याप्रमाणें तपासणी झाली. द्रव अगदीं स्वच्छ निघाला.