विष्णुबुवांचे पहिले पाऊल

दूधगंगेकाठच्या आमच्या सदलग्याहून कुरुंदवाड काही फार लांब नाही. त्या लहानशा संस्थानी गावात १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले. थोर गायक आणि संगीतप्रसारक म्हणून त्यांचा गौरव पुष्कळ झाला आहे. मला मात्र त्यांच्या चरित्रातली एक साधी गोष्ट अधिक मोलाची वाटते. एखादे काम करावयाचे असे मनाशी ठरले, की बुवा अनुकूल दिवसाची वाट पाहत बसत नसत.

वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. मुलानेही शिकून काही व्हावे, असे घरच्यांना वाटत असणार. पण लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली आणि शाळा सुटली. उपचारासाठी मिरजेस आलेला हा मुलगा तेथील अधिपतींच्या आश्रयाने पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. विद्या मिळाली, राजाश्रय मिळाला. दुसरा एखादा तेथेच जन्मभर सुखाने राहिला असता.

त्या सुखाची मला घरातून ओळख आहे. माझे वडील तरुणपणी एका संस्थानात दरबारी गवई होते. घरात धान्य वेळेवर येई. पण कोठे गावे आणि केव्हा थांबावे, हे दुसराच ठरवी. बाहेर पडावे असे त्यांना अनेकदा वाटले, पण पुढच्या वर्षी पाहू म्हणता म्हणता संस्थाने विलीन झाली. मग बाहेर पडण्याचा प्रश्नच उरला नाही. मन कचरले, की आपल्या वाटणीचा निर्णय काळ करून टाकतो, तो असा.

विष्णुबुवांनी तो काळावर सोडला नाही. मिरजेतील एका समारंभाला त्यांना निमंत्रण आले आणि त्यांच्या गुरूंना आले नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली, असे सांगतात. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. पुढे कोण विचारील, याची हमी नव्हती. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून सर्वांसाठी जलसा केला. गवयाने दिवाणखाना सोडून सामान्य श्रोत्यांपुढे बसावे, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती.

उत्तरेत फिरत फिरत ते लाहोरास पोहोचले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले. आरंभी विद्यार्थी येईनात. तेव्हा बुवा स्वतःच वर्गात बसून रियाज करीत. शिष्य जमले म्हणून शाळा काढली असे नव्हे. शाळा काढली म्हणून शिष्य जमले.

१९२३ च्या काकिनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनाला हरकत घेतली. बुवांनी विचार करण्यास सवड मागितली नाही. त्यांनी वंदे मातरम् पुरे गायिले.

हा स्वभाव नेहमी लाभाचाच ठरला, असे नाही. मुंबईस १९०८ साली विद्यालय आणून त्यांनी पुढे मोठी इमारत उभी केली. तिच्यापायी कर्ज झाले आणि ती लिलावात गेली. घाव मोठा होता. तरीही ते नाशकास जाऊन पुन्हा कामाला लागले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचा अंत झाला. इमारत गेली, पण विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास यांच्यासारखे शिष्य उरले, आणि घरोघरी गाणे पोहोचले.

आपल्यापुढे लाहोर नसते, काकिनाडाही नसते. कुणाला पन्नाशीत पेटी शिकावयाची असते, कुणाला बंद पडलेले भजन पुन्हा सुरू करावयाचे असते, कुणाला भावाशी धरलेला अबोला सोडावयाचा असतो. दिवाळी होऊ दे, सुगी होऊ दे, असे म्हणत वर्षे जातात. मी शिकवताना एवढेच पाहिले आहे, की तंबोरा मन लावून जुळवावा, परंतु तारा पिळत बसण्यातच बैठक घालवू नये. गाता गाता तार उतरलीच, तर ती पुन्हा चढविता येते. न लावलेल्या षड्जाची दुरुस्ती मात्र कोणत्याही गुरूला करता येत नाही.